हाताने काढलेलं व्यक्तिचित्र भेट द्यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात घरीच बसून लोकांच्या सांगण्यावरून व्यक्तिचित्रं काढते. आईवडिलांची, आजी-आजोबांची, गेलेल्या माणसांची, कधी पाडायला निघालेल्या घरांचीही. यातली जवळजवळ सगळी चित्रं कुणीतरी कुणाला तरी भेट देण्यासाठी नेलेली असतात. फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे. चित्र माझ्याकडून करून घ्या किंवा तुमच्या गावातल्या चित्रकाराकडून, दोन्हीकडे ती उपयोगी पडतील.

चांगला फोटो मोठा करून फ्रेम केला तरी चालतं की. मग चित्रच कशाला?

फोटो चांगला असेल आणि त्यात तुम्हाला हवं ते सगळं असेल, तर खुशाल फोटोच द्या. मी बऱ्याच जणांना हे सांगून परत पाठवलंय.

पण बहुतेक वेळा हवं ते फोटोत नसतं. एसटीत कंडक्टर असलेल्या एका वडिलांचं चित्र त्यांच्या मुलीला साठीशांतीला द्यायचं होतं. तिने आणलेला फोटो कुणाच्या तरी लग्नातला, उसना कोट घातलेला. मी विचारलं, "तुला बाबा डोळ्यांसमोर कसे येतात?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ड्यूटीवरून आले की पायरीवर बसायचे आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा आमच्या हातात द्यायचे. आम्ही रद्दीच्या कागदांना भोकं पाडत बसायचो. तो चिमटा, खाकी शर्टाची मुडपलेली बाही आणि पायरी कुठल्याच फोटोत नव्हती, कारण अशा वेळी कुणी फोटो काढत नाही. चित्रात ते सगळं आलं. चिमट्यासाठी मी एका निवृत्त कंडक्टरांच्या घरी जाऊन तो हातात धरून पाहिला. चित्र उघडल्यावर वडिलांनी आधी स्वतःचा हात पाहिला, चेहरा नंतर, असं मुलीने फोनवर सांगितलं.

ऑर्डर देताना चित्रकाराला नेमकं काय सांगायचं?

इथेच लोक सगळ्यात कमी वेळ देतात. फोटो पाठवतात, साइझ सांगतात, तारीख सांगतात, झालं. मी मात्र पहिला अर्धा तास नुसती बोलते, आणि चित्राचा निम्मा भाग त्या अर्ध्या तासात ठरतो.

मी काय विचारते ते लिहिते, म्हणजे तुम्हाला तयारी करता येईल. तुम्ही त्यांना काय म्हणून हाक मारता? घरात त्यांची बसायची जागा कोणती? खिडकीशेजारी, झोपाळ्यावर, चुलीपुढे, दुकानाच्या गल्ल्यावर? हात रिकामे असतात का? पुष्कळ माणसांचे हात कधीच रिकामे नसतात. वाती वळत असतात, अडकित्ता असतो, जपमाळ असते, पेपरची घडी असते. चष्मा नाकावर किती खाली येतो? काडी तुटून दोरा बांधलाय का? असेल तर तो दोरा ठेवायचा की काढायचा? आजींचं कुंकू गोल, आडवं की बारीक चिरीसारखं? पदर डोक्यावरून की खांद्यावरून? केस वळवून अंबाडा की वेणी? आजोबांची टोपी सरळ असते की जरा कलती?

बारीक वाटतील, पण घरचं माणूस चित्र ओळखतं ते याच गोष्टींवरून. नाक-डोळे अगदी बरोबर आले आणि कुंकू चुकलं, तर घरातली सगळ्यात धाकटी नातसुद्धा म्हणते, "ही आपली आजी नाही."

शक्य असेल तर दोन-तीन भावंडांशी वेगवेगळं बोलू द्या. थोरल्याला आठवणारी आई आणि शेंडेफळाला आठवणारी आई वेगळी असते. थोरल्याची आई तरुण, धावपळ करणारी, धाकट्याची जरा निवांत. चित्रात कुठली आई काढायची हे मला ठरवता येत नाही, ते तुम्हीच ठरवायचं.

फोटो कसा पाठवायचा?

व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला तर फोटो आकसतो आणि बारकावे जातात. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ आहे तसा पोहोचतो. कुठलाही फिल्टर नको. त्वचा गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरने सुरकुत्यांबरोबर चेहऱ्याची ठेवणही पुसली जाते.

सेल्फीवरून चित्र काढू नये, असं माझं ठाम मत आहे. हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं, कान मागे जातात, चेहरा अरुंद होतो. फोनमध्ये ते खपून जातं, पण भिंतीवरच्या चित्रात काहीतरी चुकल्यासारखं सतत वाटत राहतं. नवा फोटो काढणार असाल तर पाच-सहा फूट लांब उभे राहा आणि थोडं झूम करा. माणसाला खिडकीजवळ बसवा, प्रकाश एका बाजूने येऊ द्या, फ्लॅश बंद ठेवा. "हसा" म्हणू नका, बोलत राहा आणि मधेच काढा.

आजीचा एकच फोटो आहे, तोही पासपोर्ट साइझ आणि काळा-पांढरा. होईल का?

होतं. वेळ जास्त लागतो आणि तुमची मदत जास्त लागते.

आधी तो फोटो मोबाइलने न काढता स्कॅन करून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात स्कॅनर असतो, ६०० डीपीआयवर स्कॅन करायला सांगा. ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या फोटोतून साधारण आठशे बाय हजार पिक्सेल मिळतात, तेवढ्यात डोळ्यांची ठेवण कळते. फोटो अल्बमच्या प्लॅस्टिकला चिकटला असेल तर ओढून काढू नका, वरचा थर फाटतो. तसाच स्कॅन करा.

पूर्वी स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलने रीटच करायची पद्धत होती. सुरकुत्या, डोळ्यांखालच्या रेषा, देवीचे व्रण सगळं पुसलेलं असायचं. म्हणून जुन्या फोटोतला चेहरा कधी कधी खऱ्यापेक्षा सपाट असतो. अशा वेळी मी आजींच्या बहिणीचे, लेकीचे फोटो मागते. हनुवटी, भुवयांचं हाड, कानाची पाळी घराण्यात चालत येतात. त्यावरून अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच असतो. कच्च्या रेखाटनावर त्यांना पाहिलेल्या माणसाची नजर फिरल्याशिवाय मी पुढे जात नाही.

रंगांचं तसंच. काळ्या-पांढऱ्या फोटोत गडद हिरवं आणि लाल लुगडं एकसारखं काळपट दिसतं. रंग फोटोतून काढता येत नाही, घरातूनच शोधावा लागतो. जुन्या लुगड्याची गोधडी झालेली असते. एका बाईंनी मला गोधडीच आणून दिली. तिच्यातल्या एका तुकड्यावर इरकलीचे काठ शाबूत होते, तेच काठ चित्रात आले.

रंग जरा उजळ करून द्याल का?

नाही. हे मी नम्रपणे पण पहिल्याच फोनवर सांगते.

सावळ्या त्वचेत निळसर, तांबूस, हिरवट, जांभळट अशा किती छटा असतात, ते रंगवायला बसलं की कळतं. ती पांढरी करायला सांगितली की चित्रातलं सगळ्यात सुंदर कामच काढून घेतलं जातं. आणि ज्यांना चित्र द्यायचं त्यांच्यापर्यंत काय पोहोचतं? तुम्ही आहात तशा आम्हाला चालल्या नाहीत. भेटवस्तूने एवढं दुखवू नये.

पांढरे केस काळे करणं, पडलेला दात बसवणं यावर बोलता येतं. पुष्कळदा त्या माणसालाच तसं हवं असतं.

गेलेल्या माणसाचं चित्र भेट द्यावं का?

द्यावं, पण जपून. ताज्या दुःखात ते अचानक समोर ठेवू नका. आई जाऊन महिनाच झाला असेल, तर वडिलांना आधी विचारा. काहींना लगेच हवं असतं, काहींना वर्षभर फोटोकडेही बघवत नाही. वर्षश्राद्धापर्यंत थांबलेली घरं मी पाहिली आहेत आणि त्यांचं बरोबर होतं.

दुसरी गोष्ट वयाची. शेवटच्या आजारपणातला फोटो सगळ्यात अलीकडचा म्हणून तोच पाठवला जातो. त्यापेक्षा पाच-दहा वर्षं मागे जा. ज्यांना चित्र मिळणार आहे त्यांच्या मनात तो माणूस कोणत्या वयाचा आहे, तेच वय घ्या. पत्नीला देणार असाल तर कदाचित संसाराच्या मध्यावरचं, नातवाला देणार असाल तर पिकल्या केसांचं.

चित्राला हार घालायचा की नाही हा घरचा प्रश्न. घालायचा असेल तर मला आधी सांगा, मी वर जागा सोडते. नाहीतर हार थेट कपाळावर येतो.

आजोबा नातू जन्मायच्या आधीच गेले. दोघांना एका चित्रात आणता येईल?

येतं, आणि ही मागणी दर महिन्याला येते. अडचण तंत्राची आहे. एका फोटोत प्रकाश डावीकडून, दुसऱ्यात वरून. एकात कॅमेरा बसलेल्या माणसाच्या उंचीवर, दुसऱ्यात उभ्याच्या. नुसते शेजारी ठेवले तर कापून चिकटवल्यासारखे दिसतात. मी आजोबांच्या फोटोतला प्रकाश कायम ठेवते, कारण तो आता बदलता येणार नाही, आणि नातवाचा फोटो तशाच प्रकाशात नव्याने काढायला सांगते. कॅमेराही तेवढ्याच उंचीवर. मूल मांडीवर दाखवायचं असेल तर घरातल्या कुणाच्या तरी मांडीवर बसवून फोटो घ्या. वजन कसं पडतं, धोतराला चुण्या कशा पडतात, ते कल्पनेने जमत नाही.

पेन्सिल, जलरंग की तैलरंग?

चेहऱ्यावरच लक्ष राहायला हवं असेल तर पेन्सिल किंवा चारकोल. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोवरून काम असेल तेव्हा मी बहुधा हेच सुचवते, कारण नसलेला रंग शोधून काढावा लागत नाही. चारकोल बोटाने पुसला जातो, म्हणून वर फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी धरून ठेवणारा फवारा, मारून काचेत बसवलेलाच न्यावा.

जलरंग नाजूक, तो टिकत नाही, अशी समजूत आहे. सावळाराम हळदणकर यांनी निरांजन हाती घेतलेली स्त्री काढली ती जलरंगातच, साधारण १९४५-४६ च्या सुमारास. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात ते चित्र आजही लोक डोळे भरून पाहतात, आणि पुष्कळ जण ते राजा रविवर्म्यांचं समजतात. निरांजनाच्या उजेडाने बोटांच्या कडा लालसर झाल्या आहेत, तो उजेड कागदाच्या पांढरेपणातून आलाय. चित्रासाठी उभी राहिलेली मुलगी म्हणजे हळदणकरांची लेक गीता. गीताताई उपळेकर पुढे इथे कोल्हापुरातच राहिल्या आणि शंभरी ओलांडून २०१८ मध्ये गेल्या. कुणी मला "जवळच्या माणसाचं चित्र म्हणजे काय" असं विचारलं, तर मी या चित्राचं नाव घेते. बापाने लेकीचा चेहरा आणि घरातलं निरांजन एवढ्याच सामग्रीवर ते काढलंय.

तर जलरंग टिकतो. कागद सुती आणि आम्लविरहित हवा, जाडी ३०० जीएसएम, रंग उन्हाने न उडणारे, आणि चित्रावर थेट ऊन नको. मोठ्या आकाराला, पिढ्यान्पिढ्या दिवाणखान्यात राहायच्या चित्राला तैलरंग. त्याला काच लागत नाही.

किती दिवस आधी सांगावं?

पेन्सिलचं एका चेहऱ्याचं काम तीन आठवडे आधी, जलरंग महिनाभर आधी. तैलचित्राला तीन महिने द्या. तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट होतं. वरून हाताला कोरडं लागायला काही दिवस ते दोन आठवडे, आणि पुढचा थर त्यानंतर. पावसाळ्यात आणखी उशीर. आतपर्यंत वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं, शेवटचं व्हार्निश त्यानंतरच मारायचं. म्हणून मी तैलचित्र नेणाऱ्यांना वर्षाने परत घेऊन यायला सांगते, व्हार्निशचे वेगळे पैसे घेत नाही. एक लक्षात ठेवा, नवं तैलचित्र गुंडाळून कपाटात ठेवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. त्याला उजेडात राहू द्या, फक्त थेट उन्हात नको.

सहस्रचंद्रदर्शनासाठी सांगणाऱ्यांची नेहमी घाई होते, कारण तारीख उशिरा ठरते. हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षं आणि साधारण दहा महिने लागतात, म्हणजे ती वेळ कधी येणार हे आधीच ठाऊक असतं. ऐंशीचा वाढदिवस झाला की फोन करा.

एवढे पैसे कशाचे?

तासांचे. ए-फोर आकाराच्या पेन्सिलच्या एका चेहऱ्याला मला बारा ते पंधरा तास लागतात. जलरंगात वीसच्या पुढे, तैलरंगात कमरेपर्यंतचं चित्र चाळीस तास सहज खातं. दुसरा चेहरा आला की वेळ जवळजवळ दुप्पट होतो. नक्षीचा काठ, भरजरी शालू, चौकड्यांचा शर्ट यांनीही तास वाढतात. त्यामुळे बजेट कमी असेल तर आकार कमी करा, साधी साडी निवडा, पण एकाच्या पैशांत चार चेहरे करायला सांगू नका. चारही अर्धवट होतात.

निम्मी रक्कम आधी, निम्मी चित्र नेताना.

ऑनलाइन 'कॅनव्हासवर हाताने रंगवलेलं' दोन दिवसांत आणि खूप स्वस्त मिळतं. ते काय असतं?

बहुतेक वेळा छापील असतं. फोटोवर संगणकाने रंगाच्या फटकाऱ्यांचा परिणाम आणतात, कॅनव्हासवर छापतात आणि वर ब्रशने पारदर्शक जेल फिरवतात, म्हणजे हाताला खडबडीत लागतं. ओळखायचं कसं? भिंग घ्या. छपाईत बारीक ठिपके दिसतात, रंगात दिसत नाहीत. मग चित्र उजेडात तिरकं धरा आणि जेलचे फटकारे खालच्या आकाराबरोबर जातात का पाहा. खऱ्या चित्रात नाकावरचा फटकारा नाकाच्या वळणाने जातो. जेल कुठेही कसंही फिरलेलं असतं.

छापील वस्तू विकण्यात गैर काही नाही, ती छापील म्हणून विकावी. एकांनी आईच्या पंच्याहत्तरीला असं चित्र मागवलं आणि वर्षभराने कोपऱ्यातलं जेल साय निघावी तसं सुटलं. ते माझ्याकडे घेऊन आले, "दुरुस्त होईल का?" होण्यासारखं काही नव्हतं. त्यांना पैसे गेल्याचं वाईट वाटत नव्हतं, आईला आपण हाताने रंगवलेलं आहे असं सांगितलं होतं, याचं वाटत होतं.

आमच्या भागात चित्रकार कसा शोधायचा?

गावातल्या हायस्कूलच्या कलाशिक्षकांना विचारा. ज्यांनी आपल्याला एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, त्यातले कित्येक जण सुरेख व्यक्तिचित्रं काढतात आणि त्यांना कुणी विचारत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी कला महाविद्यालय असेल तर त्यांचं वार्षिक प्रदर्शन बघा, शेवटच्या वर्षाची मुलं मन लावून काम करतात. कोल्हापूरला या कामाची मोठी परंपरा आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ मध्ये इथेच जन्मले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून तिथेच शिकवू लागले. बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळले तरी हातातला ब्रश त्यांनी सोडला नाही. पण चांगला हात कुठल्याही तालुक्यात सापडतो.

निवडताना एकच करा. पूर्वीचं चित्र आणि ते ज्यावरून काढलं तो फोटो, दोन्ही शेजारी ठेवून दाखवायला सांगा. नुसतं सुंदर चित्र पाहून साम्य किती साधलंय हे कळत नाही.

चेहरा नको, काहीतरी वेगळं हवंय. काय सुचवाल?

वारली चित्र सुचवेन, पण ते वारली चित्रकाराकडूनच करून घ्या. डहाणू, जव्हार, विक्रमगड, तलासरी या पालघर जिल्ह्यातल्या तालुक्यांत पाड्यापाड्यांवर चित्रकार आहेत. ही चित्रं मुळात लग्नाची. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक काढतात, मध्ये लग्नाची देवी पालघाट असते. जिव्या सोमा म्हसे यांनी रोजच्या जगण्यातली दृश्यं कागदावर आणि कापडावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

वारलीत माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. नाक-डोळे नसतात, तरी कोण आहे ते कळतं, कारण माणूस काय करतोय त्यावरून तो ओळखू येतो. तेव्हा तुमच्या घराचं असं काही सांगा, की आजोबा विहिरीवर मोट हाकायचे, आई शाळेत शिकवायची, घरामागे फणस होता, मोती नावाचा कुत्रा होता, चुलत्याची जीप होती. चित्रकार तारप्याच्या, म्हणजे फुंकून वाजवायच्या लांब वाद्याच्या, नाचाशेजारी हे सगळं बसवतो. चेहरा घालायला मात्र सांगू नका, आणि भाव पाडायलाही नको. एका मोठ्या चित्रात हजारो रेषा असतात, बांबूच्या काडीने एकेक ओढलेल्या.

कोकणातल्या माणसाला देणार असाल तर कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायची कला, आठवा. ठाकर समाजाने ती जपली आहे, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. तिथली शैली पुराणकथांची आहे, म्हणून घरात भक्तीने म्हटली-ऐकली जाणारी कथा निवडा.

आणि घराचं चित्र. वाडा पुनर्विकासाला गेला, गावचं घर विकलं, माहेर बंद झालं, असं असेल तर व्यक्तिचित्रापेक्षा ते अधिक आत जातं. पाडकाम सुरू व्हायच्या आधी जाऊन फोटो काढा. दर्शनी भाग सगळेच काढतात. तुम्ही जिना काढा, कडी काढा, न्हाणीघराचं दार, माळ्याची शिडी, ओट्यावरची उखळाची जागा काढा. आणि सकाळी आठला जा. अंगणात घराची सावली कुठवर यायची, ते त्याच वेळी दिसतं.

आकार किती घ्यावा?

चित्र कुठल्या भिंतीवर लागणार ते पाहून. वन बीएचकेमध्ये ए-थ्रीच्या वर जाऊ नका. त्यांच्या घरी जागा नसेल तर पुस्तकाएवढं छोटं चित्र काढून घ्या, कपाटावर उभं राहील असं.

त्यांना न सांगता द्यावं की समोर बसवून काढून घ्यावं?

माणूस हयात असेल आणि बसू शकत असेल, तर बैठक हीच भेट द्या. वीस-वीस मिनिटांच्या चार-पाच बैठका, मध्ये चहा. म्हातारी माणसं आधी लाजतात, मग बोलायला लागतात, आणि घरच्यांनी कधी न ऐकलेलं सांगतात. शेजारी बसा आणि फोनवर ते बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. चित्र अचानक हातात पडल्याचा आनंद मिळत नाही खरा, पण मला तरी हा सौदा नेहमी फायद्याचा वाटलाय.

फ्रेम कशी करावी? पावसाळ्यात बुरशी येते.

कागदावरच्या चित्राला माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच. त्याने कागद आणि काच यांच्यात फट राहते. काचेला टेकलेला कागद दमट हवेत तिला चिकटतो आणि सोडवताना रंग काचेवर राहतो. माउंट आम्लविरहित मागा. साधा पुठ्ठा काही वर्षांत चित्राच्या कडेला तपकिरी पट्टा उमटवतो. मागे साधा राखाडी पुठ्ठा थेट लावू देऊ नका, आणि सेलोटेप तर अजिबात नको. फ्रेमवाला म्हणेल, काही होत नाही. दहा वर्षांनी होतं.

बाथरूमला लागून असलेली भिंत टाळा, पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंतही टाळा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, मागून हवा खेळते. कोकणात आणि मुंबईत गणपतीच्या सुमारास एकदा उतरवून मागची बाजू बघा. पांढुरके ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्या जागी ठेवून चित्रकाराला दाखवा.

परदेशी पाठवायचंय.

फ्रेमशिवाय पाठवा, फ्रेम तिथे करून घेतील. काच वाटेत फुटते आणि तिच्या कपच्या चित्रावर ओरखडे काढतात, माझं एक चित्र असं गेलंय. कागद दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवा. तैलचित्र पूर्ण वाळलं असेल तरच, रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळकांड्यावर सैल गुंडाळा. रंग आत ठेवला तर तो दाबला जाऊन तडे जातात.

चित्राचा हक्क कुणाचा? लग्नपत्रिकेवर, स्मरणिकेत छापता येईल?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, मोबदला देऊन कुणी आपल्यासाठी व्यक्तिचित्र काढून घेतलं, आणि वेगळा करार केलेला नसला, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. म्हणजे तुम्ही ते छापू शकता. चित्रकाराचं नाव सांगण्याचा आणि त्याच्या कामाची नाचक्की होईल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क मात्र चित्रकाराकडेच राहतो. छापताना खालची सही कापू नका.

मी चित्र माझ्या पानावर दाखवायच्या आधी विचारते. घरगुती चित्रं सगळ्यांनाच बाहेर दिसायला नको असतात.

चित्र आवडलं नाही तर?

म्हणून मी मध्ये दोनदा दाखवते. आधी कच्चं रेखाटन, मग पहिला रंग. रेखाटनावर हवं तेवढं बोला, मी दहा वेळा पुसेन. जलरंगात पुढे गेल्यावर पुसता येत नाही. दाखवताना फोन घरभर फिरवू नका, पंधरा जणांची पंधरा मतं येतात. त्या माणसाला जवळून ओळखणारे दोघं पुरे.

"काहीतरी चुकतंय" एवढंच सांगितलं तरी मला चालतं. बहुतेकदा चूक तोंडाच्या कोपऱ्यात असते.

मागे काही लिहावं का?

जरूर लिहा. घराघरांत मी असे फोटो पाहते, ज्यातलं माणूस कोण ते आता कुणालाच सांगता येत नाही. चित्रात कोण आहे ते पूर्ण नावाने लिहा, घरात काय म्हणायचे तेही लिहा. गाव, साल, कुणी कुणाला कशानिमित्त दिलं. चित्रात जी वस्तू आहे तिच्याबद्दल एक ओळ, "हा चिमटा बाबांचा, कोल्हापूर डेपो" अशी. कागदाच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, अलगद. बॉलपेनचा उठाव पुढे दिसतो आणि शाई वर्षांनी झिरपते. तैलचित्र असेल तर कॅनव्हासला हात न लावता मागच्या लाकडी पट्टीवर लिहा. फ्रेमवाल्याने मागून कागद लावून ते झाकलं तरी वाचता यावं म्हणून तोच मजकूर फ्रेमच्या मागेही एकदा लिहा.